मैदानावरचे पाच रविवार

काही निकालपत्रे छापताना पक्षकारांची नावे गाळतात. मीही येथे कोणाचे नाव लिहिणार नाही, गावाचेही नाही. आमचे गाव तालुक्याचे आहे आणि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे, एवढे पुरे. नावे गाळण्याचे कारण भीती नव्हे. ज्यांच्याशी मी भांडलो ते सर्व हयात आहेत, रोज समोर येतात, आणि त्यांच्यापैकी दोघांच्या घरी मी अजून चहा घेतो.

माझी सारी नोकरी साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात झाली. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, आणि गाव आजही मला त्याच हुद्द्याने हाक मारते, नाहीतर तात्या म्हणते. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो. तुंबलेली गटारे, दिवसा जळणारे पथदिवे, बसस्थानकाचे बंद घड्याळ, असे अनेक विषय आहेत. प्रत्येक पत्राच्या दोन प्रती करतो. एक कार्यालयाला देतो, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतो आणि ती पोच कपाटात ठेवतो. शिक्का नसलेले पत्र माझ्या लेखी अस्तित्वातच नसते. लोक हसतात. हसोत.

मिरजेला मोतीबिंदू काढून आल्यापासून मी वर्तमानपत्रातला बारीक टाइप आधी वाचतो, कारण लपवायचे ते तिथेच छापतात. एका शुक्रवारी, हरवलेल्या गुणपत्रिकेची जाहिरात आणि एक निविदा यांच्या मध्ये, बोटभर रुंदीची नगरपरिषदेची सूचना दिसली. गावाच्या विकास आराखड्यात क्रीडांगण व सार्वजनिक सभांसाठी राखीव असलेल्या मैदानाचे आरक्षण बदलून तेथे व्यापारी संकुल प्रस्तावित आहे. ज्यांना हरकती व सूचना द्यावयाच्या असतील त्यांनी तीस दिवसांच्या आत लेखी द्याव्यात.

मी उठून उभा राहिलो आणि घरात एकटा असूनही मोठ्याने बोललो. काय बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही.

ते मैदान म्हणजे आमच्या गावातली एकमेव मोकळी जागा. रविवारी त्याच्या अर्ध्या भागात आठवडी बाजार भरतो. रोज पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली तिथे पळतात. आणि मला कळू लागल्यापासून प्रत्येक पक्षाची, प्रत्येक संघटनेची सभा तिथेच झालेली आहे. सत्तेवर कोणीही असो, त्याच्याविरुद्ध बोलायला माणूस त्या मैदानात उभा राहिला आहे आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप कामावर गेला आहे. ते गेले असते तर या गावात मतभेद असणाऱ्याने आपल्या स्वयंपाकघरात बोलायचे, एवढीच सोय उरली असती.

मी तडक नगरपरिषदेत जाऊन सभेचे इतिवृत्त मागितले. ठराव ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात मंजूर झालेला. जलवाहिनी फुटली, पूल खचला, की आधी कार्यक्रमपत्रिका काढायला वेळ नसतो. त्यासाठी ते सदर आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे मैदान असे काय एका दुपारीत पेटले होते? पालिकेत ज्यांच्या गटाची सत्ता होती त्या पुढाऱ्यांनी विषय मांडला, त्यांच्याच माणसाने अनुमोदन दिले, चहा आला, विषय संपला. मी त्याच संध्याकाळी अकरा मुद्द्यांचे पत्र लिहिले.

त्यानंतरचा रविवार हा पहिला. सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांवर आम्ही तिघे बसतो. एक मी. दुसरे सुभेदार, मूळचे वडूजकडचे, फौजेतून निवृत्त होऊन सासुरवाडीच्या गावी स्थायिक झालेले. तिसऱ्या बाई, कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या, लग्नाने आमच्या गावच्या झालेल्या. अर्धे गाव त्यांच्या हाताखालून गेले आहे, त्यामुळे अर्धे गाव त्यांच्यासमोर अजून विडी लपवते.

“उद्या सकाळी धाला हायवेवर बसायचं,” सुभेदार म्हणाले. “दोनी बाजूंनी गाड्या तटल्या की तासाभरात तहसीलदार पळत येतोय का न्हाई बघा.”

“आणि कुणाचं पेशंट तटलं तर?” बाईंनी विचारले.

“ते सोडायचं की.”

“कोण सोडणार? तुमच्या शिट्टीवर ट्रक मागं घेतात होय?”

बाई पुढे म्हणाल्या, “मी म्हणते, मैदानातच बसू. दर रविवारी, सकाळी आठ ते बारा. घोषणा नाहीत, भोंगा नाही. मुदत संपेपर्यंत.”

“रविवारी?” सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. “आवं बाई, रविवारी हापिसाला कुलूप असतंय. कुलपाला निवेदन देणार काय? कुलूप लय शांत असतंय बघा, समदं ऐकून घेतंय!”

त्यांच्यापेक्षा मोठ्याने मी हसलो, हे कबूल केले पाहिजे. मी म्हणालो, “बाई, बसलेला माणूस उठला की पुरावा संपतो. कागद टिकतो.”

“तुमच्या कपाटात पुष्कळ टिकलेत. त्यातल्या कितींनी काय हललं?”

“बसस्थानकाचं घड्याळ.”

“ते सुरू झालं. वीस मिनिटं मागं आहे.”

सुभेदार आता माझ्याकडे बघून हसू लागले. बाईंनी पदर सारखा केला आणि वर्गात बोलावे तशा बोलू लागल्या. “सोमवारी बसलो तर कोण येणार? आपण तिघं. तिन्ही पेन्शनर. गाव म्हणेल, म्हाताऱ्यांना ऊन खायला जागा पाहिजे. ज्यांचं मैदान जातंय त्या पोरी सोमवारी कॉलेजात असतात, त्यांच्या आया शेतात नाहीतर कारखान्यात. रविवारी सगळं गाव बाजाराला तिथंच येतं. अधिकारी आला नाही तरी चालेल मला. गाव आलं पाहिजे.”

मला ते पटले नाही. माझे मत असे होते की सत्तेला उपद्रव झाल्याशिवाय ती ढिम्म हलत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी शांतपणे सतरंजीवर बसणे हा सत्तेला होऊ शकणारा सर्वांत लहान उपद्रव आहे. तरी मी होकार दिला, एका अटीवर. हरकतीचा मसुदा मी लिहीन.

ही अटच पुढे आमच्या मुळावर आली.

पोलीस ठाण्यात मी रीतसर पत्र दिले. निरीक्षक तरुण होते, सभ्य होते. म्हणाले, “काका, जिल्ह्यात जमावबंदी लागू आहे. पाच माणसं एकत्र जमायची नाहीत.”

“रविवारच्या बाजारात किती जमतात?”

“तो बाजार आहे.”

“आम्हीही बाजारातच बसणार आहोत. आमच्या पुढ्यात विकायला काही नसेल, एवढाच फरक.”

त्यांनी हसू दाबले आणि कलम सदतीस सांगितले. मी म्हणालो, “माझेही सदतीसच. तुमचे पोलीस अधिनियमातले, माझे नगररचना अधिनियमातले. माझ्या सदतीसने नागरिकाला हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. तुमच्या सदतीसने तो काढून घेतला असल्यास पोटकलम दाखवा.” त्यांनी पत्र दोनदा वाचले. ध्वनिक्षेपक नाही, घोषणा नाहीत, रस्ता अडवायचा नाही, या अटींवर परवानगी लिहिली. त्या तिन्ही अटी माझ्या पत्रात मी आधीच स्वतःवर घालून घेतल्या होत्या. शिक्का घेतला आणि बाहेर आलो.

दुसऱ्या रविवारी सतरंजीवर आम्ही सात जण होतो. सातवा माणूस सावलीसाठी बसला होता, हे नंतर कळले. बाजाराच्या गलक्यात आमची शांतता कोणाच्या ध्यानातही आली नाही. पुढाऱ्यांच्या गटातल्या एका माणसाने मोटारसायकल मुद्दाम जवळून नेली आणि ओरडला, “काय तात्या, भजन कवा सुरू?” बाईंनी चष्म्यावरून नुसते त्याच्याकडे पाहिले. तो त्यांचा विद्यार्थी नव्हता, कारण बाईंची शाळा मुलींची. पण त्याची बायको असावी. त्याने गाडीचा वेग वाढवला.

तिसऱ्या रविवारी मात्र चित्र बदलले. बाईंनी आठवडाभर घरोघर निरोप दिले होते. भरतीच्या मुली पळून झाल्यावर तशाच, घामेजलेल्या, सतरंजीवर येऊन बसल्या. बाजाराला आलेली माणसे पिशवी खाली ठेवून विचारू लागली, कशासाठी बसलाय. माझा मसुदा तयार होता. चार पाने, त्यात अधिनियमाची कलमे, वरिष्ठ न्यायालयांची तत्त्वे, इतिवृत्तातील त्रुटी, सर्व काही. झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर मी अभिमानाने हात ठेवून होतो. लोक खाली सही करत आणि पुढे जात. कोणी वाचत नव्हते. वाचण्याची गरजही मला वाटली नाही. सुभेदारांनी रांग लावली आणि कवायतीच्या सुरात पुकारा सुरू केला. बाराच्या सुमारास सतरंजीवर जागा उरली नव्हती. त्या दिवशी मला प्रथम वाटले की बाईंचे बरोबर असावे. अर्थात, तसे मी बोललो नाही.

सोमवारी तो गठ्ठा नगरपरिषदेत आवक करून घेतला. गुरुवारी उत्तर आले. ते मला पाठ आहे: ‘संदर्भीय सर्व हरकतींचा मजकूर समान असल्याने त्या एकत्रितरीत्या एक हरकत म्हणून नोंदविण्यात आल्या आहेत.’

एक. साऱ्या गावाची मिळून एक हरकत. सुनावणीही एकच, माणूसही एकच. एक म्हातारा येईल, बडबडेल, जाईल.

मला झोप लागली नाही, आणि जेवणही गेले नाही. सकाळच्या पहिल्या एसटीने साताऱ्याला गेलो. माझ्या नोकरीच्या काळात ज्यांच्या युक्तिवादाची टिपणे मी मनातल्या मनात पाठ करीत असे ते वृद्ध वकील आता घरीच असतात. त्यांनी माझा मसुदा आणि ते उत्तर दोन्ही शांतपणे वाचले.

“कायद्यात असं कुठंही लिहिलेलं नाही,” मी म्हणालो. “प्रत्येक सहीचा माणूस स्वतंत्र आहे. मी याला आव्हान देणार.”

“दे की. मुद्दा उत्तम आहे. काही वर्षांत जिंकशील. तोवर गाळ्यांना शटर लागलेली असतील.” त्यांनी कागद परत केले. “मसुदा कोणी लिहिला?”

“मी.”

“सुरेख आहे. म्हणूनच घोटाळा झाला. त्या लोकांना काय म्हणायचं होतं, हे तू विचारलंस का?”

परतीच्या गाडीत मी माझी चार पाने पुन्हा वाचली. सदर, उपरोक्त, अन्वये, तथापि. त्यात पळणारी मुलगी नव्हती. भाजीची पाटी नव्हती. ज्यांचा हक्क मी मांडत होतो त्यांच्यापैकी कोणीही त्या मजकुरात राहत नव्हते. मी लोकांच्या सह्या घेतल्या होत्या आणि त्यांचे तोंड बंद केले होते. जे पुढाऱ्यांनी ऐनवेळच्या विषयात केले, तेच मी झेरॉक्स यंत्रावर केले होते. या विचाराने मला स्वतःचाच एवढा राग आला की शेजारच्या प्रवाशाने जागा बदलली.

वाचनालयाच्या पायरीवर मी सर्व हकीकत सांगितली, काहीही न वगळता.

सुभेदार म्हणाले, “म्हंजे तुमच्या एका मसुद्यानं अख्खी पलटण एका माणसाची केली. शिरस्तेदार, हे शत्रूला जमलं नसतं गड्या!”

बाईंनी मला एका शब्दानेही दुखावले नाही. त्या उठल्या, समोरच्या दुकानातून आखीव कागदांचे दोन गठ्ठे आणि पेनांचे खोके घेऊन आल्या. “आता प्रत्येक जण आपलं आपण लिहील,” एवढेच म्हणाल्या.

चौथा रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. मैदानाच्या त्या टोकाला एखाद्या परीक्षा केंद्रासारखे दृश्य होते. सतरंज्यांवर, पाट्यांवर, दुचाकीच्या सीटवर कागद ठेवून माणसे लिहीत होती, आणि बाई हात मागे बांधून त्यांच्यामधून फिरत होत्या. “शेजारच्याचं बघून लिहायचं नाही. स्वतःचं लिहा. चुकलं तरी चालेल, सारखं चालणार नाही.” अर्धे गाव हसत होते आणि अर्धे गाव खरोखरच कागदावर हात झाकून लिहीत होते.

आटपाडीकडून येऊन आमच्या गावात खोली घेऊन राहणारी भरतीची एक मुलगी होती. तिने लिहिले: ‘मैदानाला तीन फेऱ्या मारल्या की आठशे मीटर होतात. दुकानांना किती फेऱ्या माराव्यात ते कळवावे.’ सुभेदारांनी एकच ओळ लिहिली: ‘मैदान असेल तर भरती, नाहीतर नाही.’ एका अडत दुकानदाराने व्यापारी असूनही लिहिले की गावात आहेत तेच गाळे रिकामे आहेत, आणखी कोणासाठी बांधता.

ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे लिहून घ्यायला मी बसलो होतो. कडुनिंबाखाली भाजी विकणाऱ्या आक्का आल्या, कोथिंबिरीच्या जुड्यांवर ओले फडके टाकून.

“लिवा तात्या. म्या लगीन हून आले तवापासनं हितं बसते. जे जे मत मागाय आलं, त्यानं हितंच उभं ऱ्हाऊन मागितलं. म्या भाजी इकत समद्यांची भाषणं ऐकली. आता हितं दुकानं झाली तर आमी भाषणं ऐकाय कुठं जायाचं? दुकानात पाय ठेवला की आदी इचारत्यात, काय घेणार? मैदानात कुणी इचारत न्हाई.”

सवयीने माझे पेन चालू लागले. आक्का म्हणाल्या, “वाचा की.”

मी वाचले: “सदर जागेचा सार्वजनिक सभांसाठी होणारा परंपरागत वापर अबाधित राहावा...”

“आवं, ह्यात मी कुठं हाय?”

मी कागद फाडला. नोकरीत मी कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेला कागद कधी फाडला नव्हता. दुसरा घेतला आणि आक्का जशा बोलल्या तसेच लिहिले, शब्दाला शब्द, हाय आणि न्हाईसकट. वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली, आणि जी एकच गोष्ट त्यांना लिहिता येते ती, म्हणजे स्वतःची सही, सावकाश, जीभ बाहेर काढून केली. मसुदे लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने कबूल करावे, तर त्या कागदापेक्षा चांगला मसुदा माझ्या हातून कधी झालेला नाही.

पाचवा रविवार हा नेमका तिसावा दिवस होता. एव्हाना गाव पेटले होते, आणि तेही एकही घोषणा न देता. आसपासच्या वाड्यांतून माणसे भाजीपेक्षा कागदासाठी आली. लग्नघरातून मुंडावळ्यांसह एक नवरदेव आला आणि लिहून गेला. दुपारी तो मोटारसायकलवाला आला. गाडी लांब लावून, चालत. “तात्या,” तो हळू म्हणाला, “मला बी एक कागुद द्या. घरात कळवू नगा... म्हंजे तिकडं गटात कळवू नगा. घरातूनच पाठिवलंय.” मी त्याला कागद आणि पेन दोन्ही दिले.

सोमवारी गठ्ठे घेऊन आम्ही नगरपरिषदेच्या आवक टेबलासमोर उभे राहिलो. लिपिकाने सूचना काढली, बोटे मोजली आणि म्हणाला, “मुदत काल संपली. घेता येत नाही.”

याच वाक्याची मी वाट पाहत होतो. असे सुख आयुष्यात फार थोड्या वेळा वाट्याला येते.

“काल कार्यालय उघडे होते काय?”

“रविवार होता.”

“मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला, तर पुढच्या कामाच्या दिवशी केलेली गोष्ट मुदतीत धरावी असा कायदा आहे. इंग्रजांच्या काळापासून आहे. साताऱ्याच्या न्यायालयात या नियमाने मी किती दावे दाखल करून घेतले त्याची गणती नाही. तुम्हाला घ्यायचे नसेल तर तसे लेखी द्या, शिक्क्यासह.”

आवाज वाढला असावा, कारण मुख्याधिकारी स्वतः बाहेर आले. बाहेरच्या गावाहून बदलून आलेले, फारसे न बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझ्या हातातला कायद्याचा उतारा वाचला, आत जाऊन कोणाला तरी दूरध्वनी केला, आणि परत येऊन लिपिकाला म्हणाले, “घ्या सगळ्या. एकेक.”

सकाळपासून चार वाजेपर्यंत शिक्का पडत होता. पॅड वाळले, तेव्हा सुभेदार स्वखुशीने शाईची बाटली घेऊन आले आणि बाईंपुढे खाड्‌कन सलाम ठोकून म्हणाले, “बाई, रविवारचं कुलूप कामाला आलं की वो!”

आणि एक गोष्ट घडली, जिची मी कल्पना केली नव्हती. प्रत्येकाला आपला स्वतंत्र आवक क्रमांक हवा होता. कोणी तो तळहातावर लिहून घेतला, कोणी तिकिटाच्या मागे, कोणी थेट पाठ केला. गावात दोन माणसे भेटली की एकमेकांना क्रमांक सांगू लागली. भरतीच्या मुलींनी तर छातीवर लावायच्या चिठ्ठीसारखे ते कागदावर काढून पळताना शर्टाला टाचले. शिक्क्याच्या वेडापायी मला हसणारे गाव आता माझ्यासारखेच झाले होते. मला आनंद लपवता आला नाही.

प्रत्येक हरकतदाराला स्वतंत्र सुनावणी द्यावी लागली. ती कित्येक दिवस चालली, आणि मी प्रत्येक दिवशी मागच्या बाकावर बसलो. माझी झेरॉक्सची हरकत, ‘एक आणि इतर’, पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत संपली. नंतर माणसे येत राहिली. न्यायालयात आयुष्य घालवूनही मी एवढी नेमकी, एवढी निर्भय साक्ष ऐकली नव्हती. आक्कांचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा त्यांनी आपला कागद जसाच्या तसा तोंडपाठ म्हटला. मुख्याधिकाऱ्यांनी विचारले, “आणखी काही सांगायचं आहे?”

“व्हय. सायेब, तुमची बदली हुईल. आमी हितंच बसणार हाय.”

मी मागून पाहिले, त्यांनी ते वाक्य अहवालात लिहिले.

नगरपरिषदेच्या पुढच्या सभेत आरक्षण बदलाचा प्रस्ताव रद्द झाला. या वेळी विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता, पहिल्या क्रमांकावर, ठळक टाइपात. ठराव एकमताने झाला. ज्यांनी मैदान विकायला काढले त्यांचेही हात वर होते. मी प्रमाणित प्रत घेतली. सुभेदारांनी साताऱ्याहून कंदी पेढे आणवले आणि बाजारात फिरून पाटीपाटीवर ठेवले. बाईंनी फक्त मैदानाला एक पूर्ण फेरी मारली, चप्पल हातात घेऊन, आणि घरी गेल्या.

रविवारी शांतपणे बसण्याचा उपयोग असतो काय, हा आमचा वाद मिटलेला नाही. सुभेदार अजून म्हणतात की हायवेवर दोन तासांत निकाल लागला असता. बाई म्हणतात, दोन तासांत तहसीलदार आला असता, आणि तो गेल्यावर विषय पुन्हा ऐनवेळी आला असता. मला विचाराल तर, आपल्याच मैदानासाठी लोकांना पाच रविवार द्यावे लागले याचा माझा संताप यत्किंचितही कमी झालेला नाही. पण तो संताप मी एकट्याने कपाटात ठेवत होतो, तो गावात वाटला गेला. उपद्रवाविषयीचे माझे मत मी मागे घेतले आहे. प्रत्येकाचे वेगळे ऐकावे लागणे हा सत्तेला होऊ शकणारा सर्वांत मोठा उपद्रव आहे.

पुढे निवडणूक लागली आणि मैदानात पहिली सभा झाली ती त्या पुढाऱ्यांचीच. रीतसर परवानगी घेऊन, संध्याकाळी. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्याच हक्कासाठी आम्ही बसलो होतो, म्हणून मी आणि सुभेदार पुढच्या रांगेत जाऊन बसलो. मैदान भरलेले होते. पुढारी चांगले बोलतात. रस्ते, पाणी, शाळा झाल्या, आणि मग त्यांनी हात उंचावून आवाज चढवला: “आणि बंधू-भगिनींनो, तुमचं हे मैदान! काही लोक डोळा ठेवून होते. पण आम्ही ते राखलं!”

तेवढ्यात कडुनिंबाच्या बाजूने, भाजीच्या पाट्यांमागून, आक्कांचा खणखणीत आवाज आला.

“व्हय का? मग तुमची हरकत कितव्या नंबरची वो?”

आधी भरतीच्या मुली हसल्या. मग सारे मैदान हसले, पार रस्त्यापर्यंत. कोणीतरी आपला क्रमांक ओरडला, मग दुसऱ्याने, मग सगळीकडून क्रमांक येऊ लागले, आणि व्यासपीठावर बसलेल्यांपैकीही एक जण तोंडावर उपरणे धरून हसताना मी पाहिला. पुढाऱ्यांनी पाणी मागितले. त्यांच्या अंगी हुशारी आहे; तेही शेवटी हसले, आणि त्यांनी विषय बदलला.

घरी येऊन मी लगेच निवडणूक कायदा काढला. प्रचारसभेत गोंधळ घालणे हा गुन्हा आहे, आणि आक्कांवर तसा ठपका येऊ नये म्हणून खात्री करणे मला आवश्यक वाटले. संबंधित कलम मी तीनदा वाचले. सभेत उपस्थित मतदाराने उमेदवाराला एक सरळ प्रश्न विचारणे म्हणजे व्यत्यय नव्हे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे, आणि तसे मी आक्कांना लेखी दिले आहे. त्यांच्याच भाषेत.